स्टॉक नवा बसवला, पण नीट बसला का?

पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात पात्रता फेरीतून अंतिम फेरीत जाताना कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेचे ५९० गुण झाले होते. तो सातवा होता. भारताचाच ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर ५८९ वर राहिला आणि अकराव्या क्रमांकावरून बाहेर पडला. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नीलने ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले. म्हणजे गोळीमागे सरासरी सव्वादहा. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि गुणाचा एक दशांश मिळतो किंवा जातो तो ०.८ मिलिमीटरवर. या खेळात रायफलीचे लाकूड आणि लोखंड एकमेकांवर कसे बसले आहे, याची चौकशी का करतात, ते या आकड्यांवरून कळावे.

ऑलिंपिक दूर राहिले. शालेय क्रीडा स्पर्धांच्या रचनेत लातूर हा स्वतंत्र विभाग आहे आणि नांदेड त्यातच येते. इथली मुले नेमबाजी सुरू करतात ती १० मीटर एअर रायफलवर. आधी ओपन साइट, मग पीप साइट. एनसीसीच्या शिबिरात .२२ हाताळलेलीही बरीच असतात. वर्ष-दोन वर्षे झाली की एक अडचण हमखास येते. मूळ स्टॉक, म्हणजे दस्ता, मुलाच्या अंगाला बसत नाही. गाल टेकवायचा भाग खाली राहतो, खांद्याची प्लेट लांब पडते. मग बाहेरून नवा स्टॉक मागवला जातो, नाहीतर ओळखीच्या सुताराकडून सागवानी किंवा शिसवी घडवून घेतला जातो. पकड सुधारते, मुलगा खूश होतो, आणि ग्रुपिंग मात्र पहिल्यापेक्षा पसरते. घरचे म्हणतात सराव कमी पडला. बऱ्याचदा दोष मुलाचा नसतोच.

रायफलीची ॲक्शन, म्हणजे नळी जिच्यात बसते तो पोलादी भाग, स्टॉकमधल्या खाचेत दोन-तीन स्क्रूंनी आवळलेली असते. कारखान्यातला स्टॉक त्याच मॉडेलसाठी कापलेला असतो. बाहेरचा स्टॉक अंदाजे मापाने कापलेला असतो, कारण तो दहा जणांच्या रायफलींना चालायला हवा. ॲक्शन मग सगळीकडे सारखी टेकत नाही. एका टोकाला उंचवटा, दुसऱ्या टोकाला पोकळी, आणि स्क्रू आवळला की पोलाद त्या पोकळीकडे वाकते. पोलाद वाकते म्हटल्यावर कुणी हसेल, पण इथे हिशेब शतांश मिलिमीटरचा आहे. नळीची दिशा साइटच्या रेषेपासून १५० मिलिमीटर लांबीत ०.०१ मिलिमीटर ढळली, तर ५० मीटरवर गोळी ३.३ मिलिमीटर बाजूला जाते. म्हणजे चार दशांश गुण.

यात एक बारकावा आहे. नळी आणि साइट दोन्ही एकाच पोलादावर बसलेल्या असतात. त्यामुळे अख्खी ॲक्शन स्टॉकमध्ये जराशी तिरकी बसली तरी फारसे बिघडत नाही. साइटही तिच्याबरोबर तिरकी होते. बिघडते ते दोन कारणांनी. एक, ॲक्शनला बाक येतो आणि साइटची रेषा नळीपासून सुटते. दोन, प्रत्येक गोळीनंतर ॲक्शन वेगळ्या जागी विसावते आणि पुढच्या गोळीला वेगळी थरथरते. स्थिर चूक साइटचे बटण फिरवून काढता येते, रोज बदलणारी चूक काढता येत नाही. बेडिंगचे काम एवढेच: ॲक्शनच्या पोटाखाली तिच्याच आकाराची, न हलणारी, न फुगणारी बैठक तयार करायची.

न फुगणारी हा शब्द मराठवाड्यात जास्त महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे महिन्यात नांदेड-लातूरला पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची हवा कोरडीठाक असते. जुलै-ऑगस्टच्या झडीत तीच हवा ऐंशी टक्क्यांच्या पुढे दमट होते. लाकूड हवेशी ओलाव्याची देवघेव करत राहते. अक्रोडाचे लाकूड, जे स्टॉकसाठी सर्वांत जास्त वापरतात, एक टक्का ओलावा वाढला की आडव्या दिशेने साधारण पाव टक्का फुगते. उन्हाळा ते पावसाळा ओलाव्यात आठ-दहा टक्क्यांचा फरक पडला, तर ॲक्शन आणि ट्रिगर गार्ड यांच्यामधले वीस मिलिमीटर जाडीचे लाकूड जवळजवळ अर्धा मिलिमीटर हलू शकते. पॉलिश चांगले असेल तर कमी, आतली बाजू उघडी असेल तर पूर्ण. मे महिन्यात घट्ट आवळलेला स्क्रू ऑगस्टमध्ये लाकडाला चिरडतो आणि दिवाळीनंतर तोच स्क्रू सैल लागतो. मे महिन्यात झीरो केलेली रायफल पावसाळ्यातल्या स्पर्धेत ओळख दाखवत नाही, ती यामुळे.

जगाने हा धडा लष्करी रायफलींवर गिरवला. अमेरिकेच्या मरीन कोअरने १९६६ मध्ये रेमिंग्टन ७०० वरून एम-४० ही स्नायपर रायफल घेतली, अक्रोडाच्या स्टॉकसह. व्हिएतनामच्या दमट जंगलात ते लाकूड फुगू-वाकू लागले, आणि सत्तरच्या दशकातल्या एम-४०ए१ ला फायबरग्लासचा मॅकमिलन स्टॉक बसला. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात .३०३ ली-एनफिल्ड रायफलीचे दस्ते स्थानिक मऊ लाकडाचे होऊ लागले, तेव्हा धक्का बसणाऱ्या जागी तांब्याचे तुकडे ठोकावे लागले. आपल्या ईशापूरच्या कारखान्याने त्याच रायफलीच्या फोरएंडमधून, म्हणजे नळीखालच्या लाकडातून, आडवा स्क्रू घालून लाकूड फाटणे थांबवले. मराठवाड्यात परवानाधारकांकडे .३१५ स्पोर्टिंग रायफल आढळते, तिची यंत्रणाही ली-एनफिल्डच्याच घराण्यातली. तिचा स्टॉक दोन तुकड्यांचा असतो. नळीखालचा तुकडा मागच्या बाजूला ॲक्शनच्या ज्या दोन गालांना भिडतो, तिथे जरा फट पडली की रायफल भरकटते. अशा रायफलीला नवा फोरएंड घालताना सगळे लक्ष त्या दोन गालांवर हवे, कारण तिथली झीज वरून दिसत नाही.

आता कायद्याचे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये बंदुकीच्या निर्मिती-विक्रीबरोबर फेरफार आणि दुरुस्तीही परवान्याखाली आणलेली आहे. म्हणून .२२ असो की .३१५, बेडिंगचे काम परवानाधारक गनस्मिथकडे किंवा क्लबच्या अधिकृत आर्मररकडे द्यावे. शेजारचा सुतार कितीही हुशार असला तरी त्याच्या दारावर रायफल घेऊन जाऊ नये. एनसीसीच्या किंवा दलाच्या शस्त्राला तर आर्मररशिवाय कुणी स्क्रूड्रायव्हरही लावत नाही. मुदखेडच्या सीआरपीएफ प्रशिक्षण महाविद्यालयात शिकून आलेल्या कोणालाही विचारावे. एअर रायफलीचे वेगळे आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ कॅलिबरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. घरी हात चालवायचा असेल तर याच रायफलीवर चालवावा. .२२ वाल्याने पुढची पद्धत समजून घ्यावी ती आर्मररला नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून.

पटाशी हातात घेण्याआधी मोजमाप. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग बेडिंगने काही फरक पडला नाही म्हणून सांगत फिरतात. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, एकाच लॉटच्या गोळ्यांनी किंवा छर्‍यांनी, दहा-दहाचे पाच ग्रुप मारावेत आणि कागद जपून ठेवावेत. पाच गोळ्यांचा एखादा सुंदर ग्रुप काहीच सिद्ध करत नाही, तो योगायोगही असतो. ग्रुपचा आकार बोलतो. दोन वेगळे पुंजके पडत असतील तर ॲक्शनला दोन बैठका सापडल्या आहेत आणि ती त्यांच्यात उड्या मारते आहे. .३१५ सारख्या रायफलीची नळी तापल्यावर गोळ्या एका दिशेला सरकत गेल्या तर नळी पुढे लाकडाला घासत असावी. सगळीकडे सारखाच पसारा असेल तर आधी गोळ्या बदलून बघाव्यात, साइटचे स्क्रू तपासावेत. .२२ मध्ये लॉट बदलल्याने पडणारा फरक बेडिंगच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

यानंतरची चाचणी सोपी आणि निर्णायक आहे. रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, बोल्ट काढून ठेवावा. साध्या कागदाची पट्टी नळी आणि स्टॉकच्या मधून ॲक्शनपर्यंत सरकवावी. जिथे अडते तिथे लाकूड नळीला टेकते आहे. मग डायल गेज. नांदेडच्या किंवा लातूरच्या एमआयडीसीतल्या कोणत्याही लेथवाल्याकडे हे असते आणि एअर रायफलीपुरते तो तासाभरासाठी आनंदाने देतो. चुंबकी स्टँड नळीवर बसवावा, गेजचे टोक स्टॉकच्या पुढच्या टोकाला टेकवावे, आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करावा. काटा ०.०२ मिलिमीटरच्या आसपास हलला तर बैठक उत्तम आहे, बेडिंगचा नाद सोडावा. ०.०५ च्या पुढे उडी मारली तर ॲक्शन वाकून बसली आहे. मागच्या स्क्रूलाही तेच. नेमके कुठे टेकते ते पाहायचे असेल तर फिटर लोकांचा मार्किंग ब्लू, तो नसेल तर तेलात कालवलेले काजळ ॲक्शनच्या पोटाला पातळ फासावे, आवळून सोडावे. लाकडावर ठिपके उमटतात. चांगल्या बैठकीत ते पसरलेले दिसतात, वाईट बैठकीत तीन-चार काळे डाग आणि बाकी लाकूड कोरे.

स्प्रिंगवाल्या ब्रेक-बॅरल रायफलीला बहुधा एपॉक्सीची गरजच नसते. ती आधी मागे आणि मग पुढे धक्का देते, त्यात फोरएंडच्या बाजूचे दोन स्क्रू सैल होत राहतात. ते काढून, स्पिरिटने पुसून, निळ्या थ्रेडलॉकरचा थेंब लावून, खाली दातेरी वॉशर घालून पुन्हा बसवले की निम्म्या तक्रारी मिटतात. ठाण्याच्या प्रेसिहोलसारख्या देशी रायफली आता गावोगाव पोचल्या आहेत, त्यांच्या मालकांनी नवा स्टॉक घेण्याआधी एवढे जरूर करून पाहावे.

तरीही बेडिंग करायचेच ठरले, तर स्क्रूंच्या भोकांपासून सुरुवात होते. लाकूड दबते, धातू दबत नाही. म्हणून स्क्रूच्या भोकात ॲल्युमिनियमची किंवा पोलादी नळकांडी, ज्यांना पिलर म्हणतात, बसवतात. वरचे तोंड ॲक्शनला, खालचे ट्रिगर गार्डला भिडायला हवे, म्हणजे स्क्रूचा ताण लाकडावर न येता धातूतून धातूकडे जातो. टर्नरकडून बाहेरून बारा-चौदा मिलिमीटरची करून घ्यावीत. आतले भोक स्क्रूपेक्षा अर्धा-एक मिलिमीटर मोठे हवे. स्क्रूचा दांडा पिलरला घासला तर धक्का तो स्क्रू खातो आणि सगळी मेहनत वाया जाते.

मग ॲक्शनच्या खालचे आणि रिकॉइल लगच्या भोवतीचे लाकूड दोन-तीन मिलिमीटर खोल कोरून काढावे. रिकॉइल लग म्हणजे ॲक्शनखालचा तो खुंटा जो धक्का स्टॉकला देतो. पुढे-मागे जुन्या उंचीची एक-एक अरुंद पट्टी सोडावी, नाहीतर ॲक्शन खाली बसते आणि बोल्टचा दांडा लाकडाला अडतो. काठ वरून एक-दोन मिलिमीटर शाबूत ठेवला की काम बाहेरून दिसत नाही. कोरलेला पृष्ठभाग गुळगुळीत करू नये, पटाशीचे चरे एपॉक्सीला धरतात. सागवानाचा स्टॉक असेल तर एक जास्तीचे काम आहे. किनवट-माहूरच्या जंगलातले सागवान आपल्याकडे सहज मिळते आणि अक्रोडापेक्षा कमी फुगते, पण त्यात अंगचे तेल असते आणि एपॉक्सी त्यावरून सुटते. कोरल्यानंतर लगेच ॲसिटोनने दोनदा पुसावे आणि तासाभराच्या आत भरावे. धक्का सोसण्यात सागवान अक्रोडाची बरोबरी करत नाही, त्यामुळे स्क्रूजवळच्या पातळ भिंती जपाव्यात.

सगळ्यात मोठी भीती असते ती ॲक्शन कायमची चिकटून बसण्याची. ती खरी आहे. ॲक्शनचे प्रत्येक भोक, प्रत्येक खाच, ट्रिगरची पोकळी मुलांच्या खेळण्यातल्या क्लेने बुजवावी. एपॉक्सी एखाद्या खाचेत शिरून आत पसरली तर ती कुलपासारखी अडकते, मग मेण लावलेले असले तरी उपयोग नाही. रिकॉइल लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंना टेपचा एक थर लावावा. मागच्या बाजूला लावू नये. टेप काढल्यावर तेवढी फट राहते आणि लग फक्त मागच्या बाजूने टेकतो, जिथे त्याने टेकायचे असते. त्यानंतर पोलादावर मेणाच्या पॉलिशचे दोन हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा. स्क्रूंनाही विसरू नये.

एपॉक्सी कोणती? परदेशात डेव्हकॉनची पोलादी पुट्टी किंवा मरीन-टेक्स वापरतात. इथे हळू वाळणारे साधे ॲराल्डाइट ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची पूड घालून श्रीखंडाइतके दाट केले तर एअर रायफलीला पुरते. पाच मिनिटांत घट्ट होणारे प्रकार अजिबात नकोत. घाई होते, हवेचे बुडबुडे राहतात. नळ दुरुस्तीची एम-सील तर नकोच. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, पूड मिसळताना तोंडाला मास्क असावा.

तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की एपॉक्सीची कामाची वेळ निम्मी होते. पुड्यावर पंचवीस अंशांसाठी लिहिलेला वेळ लातूरच्या मे महिन्यातल्या दुपारी तिसऱ्या हिश्शावर येतो. पावसाळ्यात उलटा त्रास: दमट हवेत पृष्ठभागावर चिकट थर धरतो. म्हणून हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावे, तेव्हा लाकूडही दोन टोकांच्या मधल्या ओलाव्यावर असते. उन्हाळ्यातच करायचे असेल तर पहाटे.

मिश्रण खोलगट जागी थोडे जास्तच भरावे, ॲक्शन सरळ खाली दाबावी, चारी बाजूंनी मिश्रण बाहेर आले म्हणजे पोकळी राहिली नाही. इथे स्क्रू जोराने आवळण्याचा मोह होतो. तसे केले की ॲक्शन वाकते आणि एपॉक्सी त्या वाकलेल्या आकारात घट्ट होते. जो दोष काढायचा होता तोच कायमचा कोरला जातो. स्क्रू फक्त दिशा धरण्यापुरते लावावेत आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने हलके बांधावे. बाहेर आलेले मिश्रण कानकाडीने आणि स्पिरिटने लगेच टिपावे. चोवीस तास हात लावू नये. सोडवताना स्क्रू काढून, नळी धरून, स्टॉकला रबरी हातोड्याचे हलके ठोके द्यावेत. ॲक्शन सुटताना टक्क असा आवाज येतो. बारीक छिद्रे दिसली तर पुन्हा थोडे मिश्रण भरता येते, मोठा खड्डा राहिला असेल तर तेवढा भाग खरवडून परत करावा.

स्टॉकची आतली उरलेली उघडी बाजू, विशेषतः खांद्याच्या प्लेटखालचे तोंड, पॉलियुरेथेन वार्निशने बंद करावी. ओलावा सर्वांत जास्त तिथूनच शिरतो. जवसाचे तेल दिसायला छान, पण ते ओलावा अडवत नाही, फक्त उशीर करते.

ॲल्युमिनियमच्या स्टॉकला किंवा व्ही आकाराच्या धातूच्या बैठकीला हे काहीही लागत नाही. तरुण नेमबाज आज त्याकडे वळतात, ते बरोबरच आहे. फक्त ०.०५ ची चाचणी तिथेही करावी, कारण महाग म्हणजे अचूक असे नसते.

नंतरचे काम टॉर्क रेंचचे. अंदाजाने आवळलेला स्क्रू दर वेळी वेगळा आवळला जातो. लाकडी स्टॉकच्या मॅच .२२ रायफलींत आकडा बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, हलक्या रायफलींत निम्म्यापर्यंत खाली येतो. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. मग पुन्हा तेच पाच ग्रुप, तोच लॉट, त्याच वाळूच्या पिशव्या. जुने कागद शेजारी ठेवून तुलना करावी. ग्रुप आवळला नसेल पण त्याचा मध्य दिवसेंदिवस एकाच जागी राहत असेल, तरी बेडिंग यशस्वी झाले असे समजावे. थंड नळीची पहिली गोळी कुठे जाते ते वेगळे लिहून ठेवावे.

स्क्रूचा टॉर्क मृगाच्या पहिल्या पावसानंतर, दसऱ्याच्या सुमारास आणि होळीनंतर असा तीनदा तपासावा आणि वहीत तारखेसह नोंदवावा. नांदेड किंवा लातूरहून रात्रीच्या गाडीने पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर उतरल्यावर रायफल पेटीतून काढून तासभर तिथल्या हवेत राहू द्यावी, टॉर्क एकदा बघावा, आणि मगच सराव गोळ्या सुरू कराव्यात.